बॅटची ग्रिप घरी बदलताना आधी दोरा बघा

बॅटच्या दांड्यावरचं रबराचं आवरण म्हणजे ग्रिप. ती झिजली की ते सगळ्यात आधी खेळणाऱ्याच्या खालच्या हातात दिसतं. सरळ ड्राइव्ह मारताना खालची मूठ सैल राहायला हवी. पण बॅट निसटेल अशी धास्ती असली की तीच मूठ आवळली जाते, खांदा आखडतो, पातं आडवं फिरतं आणि मिडऑफला जायचा चेंडू मिडविकेटकडे हवेत उडतो. नेटजवळ उभं राहिलं की सर पोरींना सारखं सांगताना ऐकू येतं, "खालचा हात सोड, सोड." पोरीने सोडायचा तरी कसा? गुळगुळीत झालेलं रबर धरायचं तर आवळावंच लागतं. म्हणून मुलीचं तंत्र सुधारायला निघण्याआधी तिच्या बॅटची ग्रिप बघा. साधी नवी ग्रिप शंभर-दीडशे रुपयांत येते आणि तिच्याखाली दांड्याला गुंडाळलेला दोरा धड असेल तर घरी अर्ध्या तासात बसते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, शिवणकाम करते. मुलगी क्रिकेट खेळते, त्यामुळे तिच्याबरोबरच्या पोरींच्या बॅटही माझ्या मशीनशेजारी येऊन पडतात. माधवनगरच्या स्मृती मानधनाचं नाव आमच्याकडे घराघरांत आहेच, पण २०२५ मध्ये भारताने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून सकाळी नेटला येणाऱ्या लहान मुली वाढल्यात. बऱ्याच जणी थोरल्या भावाची जुनी बॅट घेऊन येतात. तिची ग्रिप म्हणजे काळं, चकाकतं, मधे फाटलेलं रबर. "काकू, जरा बघता का?" एवढंच म्हणतात.

कधी बदलायची ते आधी सांगते. अंगठा ग्रिपवर दाबून बाजूला सरकवा. रबर अंगठ्याबरोबर ओढलं जात असेल तर अजून दम आहे. अंगठा सहज घसरला, नक्षी बोटाला लागेनाशी झाली, ग्रिप दांड्यावर गोल फिरायला लागली किंवा खालच्या काठाशी फाटली, तर बदलाच. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात गाडीवर बांधून नेलेल्या बॅटचं रबर लवकर कडक होतं. पावसाळ्यात किट बॅग बंद राहिली तर आतून बुरशीचा वास येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला, मॅच सुरू व्हायच्या आधी, एकदा सगळ्या ग्रिप बघून घ्याव्यात.

नवी घेताना रंगापेक्षा नक्षी बघा. बारीक वाटोळ्या खळ्यांची जी ऑक्टोपस ग्रिप मिळते ती मऊ असते आणि ओल्या ग्लोव्हजलाही चिकटून राहते. लहान मुलींसाठी मी तीच सांगते. बाणांसारख्या रेघांची ग्रिप जरा घट्ट लागते, जोराने मारणाऱ्यांना ती आवडते. लहान हातांना जाड ग्रिप घेऊ नका, बोटं पुरी वळत नाहीत.

आता जुनी काढणं. ग्रिप चांगली असेल आणि परत वापरायची असेल तर खालून वर गुंडाळत न्या. झिजलेली असेल तर सरळ कापा. ओढून काढायचा हट्ट धरू नका. घामाने रबर दोऱ्याला चिकटलेलं असतं, ते ओढलं की दोराही सुटतो. बॅटच्या खांद्याजवळची, म्हणजे पातं सुरू होतं तिथली, ग्रिपची कड बोटाने उचला, कात्रीचं बोथट टोक आत घाला आणि रबर वर उचलून धरत मुठीच्या टोकापर्यंत कापत जा. कटर वापरणार असाल तर रबर चिमटीत धरून दोऱ्यापासून लांब ठेवा. आणि कापडाची कात्री या कामाला मुळीच घेऊ नका, रबराने तिची धार जाते. मी यासाठी जुनी कात्री वेगळी ठेवली आहे.

ग्रिप निघाली की बहुतेक जण लगेच नवी चढवतात. मी मात्र इथे थांबायला सांगेन, कारण बॅटचा दांडा उघडा बघायची ही एकच संधी असते. पातं विलोच्या लाकडाचं असलं तरी चांगल्या बॅटचा दांडा वेताचा असतो. वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मधे रबराच्या पातळ पट्ट्या असतात, चेंडूचा दणका हाताला कमी बसावा म्हणून. हा दांडा व्हीच्या आकारात पात्यात खाली उतरलेला असतो. चेंडू लागला की तो किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. वाकताना पट्ट्या फाकू नयेत म्हणून वरून दोरा आवळलेला असतो. दोरा ढिला पडला की पट्ट्या हलतात, गोंद सुटतो आणि चांगली बॅट मुठीतून जाते.

म्हणून नख दोऱ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवा. वेढे एकाला एक लागून आणि घट्ट हवेत. मग एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पातं धरून हलकेच पिळा. करकर आवाज आला किंवा सांध्यापाशी केसाएवढी भेग दिसली, तर नव्या ग्रिपने काही होणार नाही. ती बॅट दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

दोऱ्याचं टोक नुसतं सुटलं असेल तर पांढरा फेविकॉल लावून ते बसवा आणि रात्रभर वाळू द्या. वेढे निसटले असतील तर तेवढा भाग परत गुंडाळावा लागतो. मशीनचा दोरा इथे चालत नाही, तो बारीक पडतो आणि ताणला की तुटतो. चप्पल-बूट शिवायला वापरतात तो मेण लावलेला जाड दोरा आणा. मिरजेचे सतार करणारे सतारीचे पडदे दोऱ्याने जसे आवळून बसवतात, तसा ताण इथेही हवा. इथे मात्र बोटाने ढकललं तरी वेढा जागचा हलता कामा नये.

हा ताण नुसत्या हाताने येत नाही. मी दोऱ्याला खिडकीच्या गजाभोवती दोन वेढे देते, रीळ मुलीच्या हातात असतं. दोऱ्याचं सुरुवातीचं टोक दांड्यावर उभं ठेवून पहिले पाच-सहा वेढे त्याच्यावरूनच घेते, म्हणजे ते आपोआप दाबलं जातं. मग खिडकीपासून मागे सरून बॅट दोन्ही हातांनी गोल फिरवत पुढे यायचं. दोरा फिरवायचा नाही, बॅट फिरवायची. गजाशी घासून येणारा दोरा ताठ राहतो आणि वेढे शिस्तीत शेजारी शेजारी बसतात.

शेवटाला गाठ मारू नका. गाठ ग्रिपखाली टोचते आणि फोड येतो. त्याऐवजी शेवटचे दहा-बारा वेढे उरले की दोऱ्याचा वेगळा तुकडा दुमडून त्याचा फास दांड्यावर उभा ठेवा. फासाचं बंद तोंड पुढे, जिकडे वेढे जायचेत तिकडे हवं आणि मोकळी टोकं मागे. उरलेले वेढे या फासावरून घ्या. मग दोरा कापून त्याचं टोक फासाच्या तोंडातून ओवा आणि मागची टोकं धरून फास ओढून घ्या. दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या खाली शिरतं, बाहेर राहिलेलं कापून टाका. वरून फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि एक दिवस बॅटला हात लावू नका.

आता नवी ग्रिप. यासाठी खेळाच्या दुकानात लाकडी कोन मिळतो, एका बाजूला निमुळता आणि दुसऱ्या बाजूला दांड्याच्या माथ्यावर बसेल असा. तो प्रत्येकीने घ्यायची गरज नाही, सगळ्या टीममध्ये एक पुरतो. कोनावर आणि ग्रिपच्या आत टाल्कम पावडर भरपूर टाका. साबणाचं पाणी, खोबरेल तेल, रॉकेल असलं काही वापरू नका. पाणी दोऱ्यात आणि गोंदात मुरतं, तेलाने रबर फुगतं आणि ग्रिप कायमची सैल राहते.

ग्रिप निमुळत्या टोकाकडून कोनावर चढवा आणि सगळी रुंद बाजूकडे गोळा करा. बॅटचं टोक दुमडलेल्या पोत्यावर टेकवा, पातं गुडघ्यांत धरा, कोन दांड्याच्या माथ्यावर घट्ट दाबून बसवा. मग दोन्ही तळव्यांनी ग्रिप खाली ढकला. पहिले दोन इंच अडतात, तिथेच सगळी ताकद लागते. बोटांच्या टोकांनी ओढलं तर रबर फाटतं, तळवेच वापरा. एकदा काठ दांड्यावर उतरला की कोन बाजूला ठेवा आणि ग्रिप थोडी थोडी उलगडत खांद्यापर्यंत न्या.

कोन नसेल तर ग्रिप एका टोकाकडून गुंडाळत पूर्ण कडं करा, दांड्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि त्या कड्याला माथ्यावरून खाली उलगडा. शेवटी पिशवी ओढून काढा. जमतं, पण दोन माणसं लागतात आणि जाड ग्रिपला फार कष्ट पडतात.

ग्रिप बसली की नक्षी बघा. रेघा तिरक्या गेल्या असतील तर ग्रिपला पीळ पडला आहे. वरपासून खालपर्यंत मुठीने उलट दिशेला फिरवत पीळ काढून टाका, नाहीतर खेळताना ती हळूहळू आपोआप उलगडते आणि मूठ सरकते. ग्रिप दांड्यावर फिरतच असेल तर दोऱ्यावर डबल साइड टेपच्या दोन उभ्या पट्ट्या लावून परत चढवा. रबर सोल्युशन लावू नका. पुढच्या वेळी काढताना ते दोऱ्यासकट निघतं.

माथ्यावर उरलेलं रबर दांड्याच्या काठाला समांतर कापा, खाली खांद्यापाशी कड सपाट बसवून इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे गुंडाळा. टेप ताणून लावू नका, ताणलेली टेप दोन दिवसांत सुटते.

दोन ग्रिप चढवायच्या का, हे पोरी नेहमी विचारतात. मूठ जाड झाली की खालचा हात कमी जोर लावतो, आणि वर वजन वाढल्याने बॅट उचलायला हलकी वाटते, हे खरं आहे. पण ते मोठ्या हातांसाठी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने एकच ठेवावी. बोटं दांड्याभोवती पुरी वळून अंगठ्याला टेकतात का, ते ग्लोव्हज घालून बघावं. हाताने नुसतं धरून बघितलं तर अंदाज चुकतो.

खेळून आल्यावर ग्रिप ओल्या फडक्याने पुसा आणि बॅट बॅगेत कोंबण्याआधी तासभर पंख्याखाली उभी ठेवा.