शाळेच्या निधीतून युगांडात हापसा: मोहीम कशी आखावी

ब्रिटनमधल्या अनेक प्राथमिक शाळांत 22 मार्चच्या जागतिक जलदिनाच्या आसपास पाण्यासाठी निधी गोळा करतात. मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानाला फेऱ्या मारतात, आजी-आजोबा स्पॉन्सर करतात, पालक-शिक्षक संघटना (पीटीए) धनादेश पाठवते आणि विषय संपतो. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कुठल्याही दिवशी चारांतला साधारण एक हापसा बंद असतो. म्हणून आखणी फेऱ्यांपासून नको, हापशापासून करा. इथे युगांडाचं उदाहरण घेतलं आहे. तिथला सरकारमान्य यू-टू पंप म्हणजे आपला इंडिया मार्क टू, आणि त्याचं मूळ जालना-सोलापूरच्या मिशन कार्यशाळांत घडलेल्या पंपांत आहे. मराठी पालकांना वर्गात पाच मिनिटं बोलायला एवढा धागा पुरेसा आहे.

जानेवारी: संस्था आणि काम ठरवा

युगांडात काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडा आणि तिच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. नवीन बोअरला काही हजार पौंड लागतात, बंद हापसा दुरुस्त करायला त्याहून बरेच कमी. शंभर-सव्वाशे मुलांच्या शाळेने दुरुस्तीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोटो कमी झळकतो, पाणी तेवढंच येतं.

अंदाजपत्रक आलं की चार गोष्टी विचारा.

बोअर फेल गेली तर खर्च कोणाचा? आधी भूजल सर्वेक्षण होणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा.

पाणी किती लागणार? तिथे एका हापशावर 300 माणसं धरतात. माणशी रोज 20 लिटर म्हणजे 6,000 लिटर. दहा तास हापसलं तरी ताशी 600 लिटर हवं. बोअर ताशी किती पाणी देते ते क्षमता चाचणीत मोजतात; तो आकडा याच्याशी ताडून पाहा.

पाइप कसले? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप काही वर्षांतच आतून सडतात. पाणी तांबूस येतं, धुतलेले कपडे पिवळट पडतात, चहा काळा होतो, जेवणाला लोखंडाची चव लागते. हापसा चालू असूनही बायका पुन्हा दलदलीतल्या झऱ्याकडे वळतात. युगांडा सरकारने 2016 मध्ये या पाइपांचा वापर थांबवण्याचा आदेश काढला. तेव्हा स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असं अंदाजपत्रकात लिहून घ्या. जमिनीतच लोह जास्त असेल तर पाइप बदलून भागत नाही, त्यामुळे पाण्याची तपासणीही मागा: ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) 100 मिलीमध्ये शून्य, फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या आत.

आणि वायसर गेला तर? मार्क टूमध्ये वायसर खाली बोअरमधल्या सिलिंडरमध्ये असतो आणि तिथपर्यंत पोचायला तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर काढावे लागतात. एकट्यादुकट्याचं काम नाही. गावाची पाणी समिती दरमहा वर्गणी काढते का, जवळचा मेकॅनिक कोण, सुटे भाग कुठल्या गावात मिळतात, हे विचारा. सुट्या भागांचा पहिला संच आणि समितीचं प्रशिक्षण तुमच्या लक्ष्यातच धरा.

आवाहनाचा मजकूर

‘अमुक गावात बोअर’ एवढंच लिहून पैसे घेतलेत आणि बोअर झाली नाही, तर ते पैसे दुसरीकडे सहज वळवता येत नाहीत. ‘या गावात, किंवा ते शक्य न झाल्यास त्याच जिल्ह्यातल्या पाण्याच्या कामासाठी’ असं लिहा. जास्त जमले तर काय करणार, तेही एका ओळीत. भुकेल्या-तहानलेल्या मुलांचे फोटो नकोत.

फेऱ्यांचा दिवस

युगांडातला पिवळा जेरीकॅन 20 लिटरचा, म्हणजे भरला की 20 किलोच्या वर. मुलांनी तो फक्त उचलून बघावा. चालताना ओझं मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकंच असू द्या. कडीची चार पाइंटची दुधाची बाटली 2.27 लिटरची असते, ती 25 किलोच्या मुलाला चालते. धाकट्यांना दोन पाइंटची. 300 मीटरच्या दहा फेऱ्या ठेवा, पाच रिकाम्या बाटलीने आणि पाच भरलेल्या. पाणी भरायची जागा गवतावर असू द्या. डांबरी आवारात सांडलेलं पाणी मार्चच्या थंडीत सकाळी गोठतं आणि मुलं घसरतात. झाकणं मोठ्यांनीच घट्ट करावीत.

स्टॉल

बटाटेवडे हातोहात खपतात, पण पाटी नीट लिहा. ब्रिटनमध्ये ज्या 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, त्यांत मोहरी आहे आणि ती फोडणीत असतेच. पावात गहू, हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचं पीठ. सुक्या लसणीच्या चटणीत शेंगदाणे आणि तीळ, म्हणून ती शाळेत नेऊच नका.

पैसे

स्पॉन्सर फॉर्मवर पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड आणि गिफ्ट एडची खूण, सगळं दात्याने स्वतः भरायचं. गिफ्ट एड म्हणजे करसवलत: करदात्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स मिळतात. समजा 120 मुलांनी सरासरी 15 पौंड आणले, तर 1,800 झाले. त्यातले 1,200 गिफ्ट एडचे असतील तर आणखी 300 मिळतात. पत्त्याच्या जागी नुसतं ‘आजी’ लिहिलं की ते 25 पेन्स गेले. वडे आणि रॅफलच्या तिकिटांना गिफ्ट एड लागू नाही, तो हिशेब वेगळा ठेवा. रोख दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची.

नंतर

मार्च ते मे दक्षिण युगांडात पावसाळा असतो. ड्रिलिंगचा ट्रक चिखलात रुततो आणि भूजलाची पातळीही फसवी, वर आलेली असते. काम जून-जुलैत होईल, हे पालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे एप्रिलमध्ये फोटोंची विचारणा होणार नाही.

वर्षाने संस्थेकडून फोटो नको, दोन आकडे मागवा. दांडा 40 वेळा मारल्यावर किती लिटर पाणी आलं? आणि अर्धा तास थांबून पुन्हा हापसलं तर दांडा कितव्यांदा मारल्यावर धार लागली? पाचाच्या पुढे गेलं तर पाइप किंवा खालचा व्हॉल्व्ह गळतो आहे.