मे महिन्यात नागपुरात बसून ‘कोमॅट’ची तयारी

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक (औषधोपचारांबरोबर हातांनी सांधे-स्नायू हाताळण्याचे उपचारही शिकवणाऱ्या) वैद्यकीय महाविद्यालयात डी.ओ. म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ या पदवीसाठी शिकणारी आपली मुले उन्हाळ्यात नागपूरला घरी येतात, तेव्हा सामानात एखाद्या परीक्षेचा अभ्यास असतोच. आपत्कालीन वैद्यकाची कोमॅट (COMAT, डी.ओ. विद्यार्थ्यांची विषयवार परीक्षा) ही त्यांपैकी एक. ‘डी.ओ. म्हणजे हाडे बसवणारे का?’ ही नातेवाइकांची शंका एकदाच दूर करावी: अमेरिकेत डी.ओ. आणि एम.डी. या दोन्ही पदव्यांना औषधोपचार व शस्त्रक्रियेचा पूर्ण परवाना मिळतो. त्यानंतर मुकाट्याने अभ्यासाला बसावे.

या परीक्षेत १२५ प्रश्नांसाठी १५० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. यामुळे नुसत्या वाचनापेक्षा घड्याळ लावून प्रश्न सोडवण्याला अधिक वेळ द्यावा आणि प्रत्येक चुकीपुढे कारणही लिहावे: माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की क्रम चुकला. माझ्या भाचीने गेल्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून अशी वही भरली, तेव्हा तिच्या बहुतेक चुका क्रमाच्या निघाल्या. निदान तिला येत होते, परंतु ‘सर्वांत आधी काय कराल?’ या प्रश्नाला ती तिसऱ्या पायरीचे उत्तर देत होती.

क्रम म्हणजे काय, हे नागपुरातल्याच उदाहरणाने पाहू. दुपारी ३ वाजता बांधकामावरून ४२ वर्षांच्या मजुराला आणले आहे. तो असंबद्ध बोलतो आहे, गुदद्वारातून मोजलेले तापमान ४१.५ अंश सेल्सिअस आहे, नाडी १४० आहे आणि श्वासमार्ग मोकळा आहे. पर्याय आहेत पॅरासिटामॉल, मेंदूचा सीटी स्कॅन, पाठीतील पाण्याची तपासणी आणि बर्फाच्या पाण्याने तातडीने अंग थंड करणे. येथे शेवटचाच पर्याय बरोबर आहे, कारण उष्माघातात मेंदूतील तापमाननियंत्रणाचा बिंदू बदललेला नसतो, म्हणून तापाची औषधे उपयोगी पडत नाहीत आणि तपासणीसाठी घालवलेले प्रत्येक मिनिट अवयवांचे नुकसान वाढवते. घाम येत आहे म्हणून उष्माघात नव्हे, असा निष्कर्षही काढू नये. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते. तापमान ३९ अंशांच्या आसपास आल्यावर थंड करणे थांबवावे, नाहीतर ते प्रमाणाबाहेर खाली जाते. छातीत हवा कोंडून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला एक्स-रेला न पाठवता आधी सुई घालून हवा मोकळी करणे, किंवा ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत) आधी मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिन देणे, याही उत्तरांचा पाया तोच आहे.

परवानगी मिळाली तर एखाद्या कॅज्युअल्टीत काही संध्याकाळी फक्त निरीक्षणासाठी उभे राहावे. रुग्णाला हात लावू नये आणि फोटो तर मुळीच काढू नये. विदर्भात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात आणि येथे पाहिलेले अमेरिकन परीक्षेतही जसेच्या तसे चालते. लक्षणे ठरलेली: डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, नाडी मंद, छातीत घरघर आणि तोंडाला फेस. आधी स्वतः हातमोजे व गाऊन घालून रुग्णाचे कपडे काढावेत आणि अंग धुवावे, नंतर ॲट्रोपिन या उताऱ्याची मात्रा दर काही मिनिटांनी दुप्पट करत जावे. कोठे थांबायचे, हे बाहुल्यांवरून ठरत नाही. फुप्फुसांतील स्राव सुकला की थांबायचे. परीक्षक नेमका येथेच सापळा लावतात.

मात्र इथले सगळेच तिकडे चालत नाही, आणि नागपुरात तयारी करणाऱ्याचे गुण जातात ते प्रामुख्याने यामुळेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी आपली बहुगुणी प्रतिसर्पविष लस अमेरिकन प्रश्नात उत्तर म्हणून येणार नाही. तेथे रॅटलस्नेकसाठी वेगळे प्रतिविष असते, तर कोरल सापाच्या दंशाने फारशी सूज न येता काही तासांनी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, ज्याची तुलना आपल्या मण्यारीशी करून ठेवली की विसरत नाही. विंचवाचेही तसेच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, याचा अभिमान जरूर असावा. पण ॲरिझोनाच्या बार्क विंचवाचा प्रश्न डोळे भिरभिरणे आणि स्नायू उडणे याभोवती फिरतो, तेथे प्राझोसिनवर खूण करू नये.

ऑस्टिओपॅथीचा भाग थोडाच असला तरी तो सोडू नये, कारण त्यात हुकमी गुण असतात. ऑस्टिओपॅथीनुसार हृदयाचा संबंध टी १ ते टी ५ या छातीमागच्या मणक्यांशी, फुप्फुसांचा टी २ ते टी ७ यांच्याशी आणि अपेंडिक्सचा चॅपमन बिंदू (आतल्या अवयवाशी जोडला जाणारा, दाबल्यावर दुखणारा ठिपका) उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी, एवढे रोज सकाळी तर्री-पोह्यांबरोबर म्हणून टाकावे. अस्थिभंग, हाडांतील कर्करोग किंवा संधिवातामुळे सैल झालेली मान असेल, तर झटका देऊन सांधा हलवण्याचे तंत्र वर्ज्य असते. आपत्कालीन विभागाचा रुग्ण दिला की आधी हाच विचार करावा.

राहिला वेळेचा प्रश्न. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजलेले असतात, तेव्हा मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणून पूर्ण सराव परीक्षा संध्याकाळीच द्यावी. त्या वेळी ऊन उतरलेले असते आणि तिकडच्या वर्गमित्राबरोबर एकाच वेळी परीक्षा देऊन नंतर फोनवर उत्तरे तपासता येतात. परतीचे तिकीट परीक्षेच्या किमान आठवडाभर आधीचे काढावे. लग्नसराईमुळे आई आणखी चार दिवस थांबायचा आग्रह करील, तरीही.