विद्यापीठाचा कागद मागायचा कसा

आमच्या विभागातून विद्यार्थ्यांचं एक पाक्षिक निघतं. मी तिथे शिकवते आणि अंक छापायला जाण्याआधी वाचते. दर वर्षी नवे संपादक येतात आणि पहिल्या बैठकीत तेच विषय निघतात: निकाल उशिरा लागतात, पुनर्मूल्यांकनाचे पैसे घेतात पण पुढे काय होतं ते कळत नाही, जिमखान्याची फी भरतो आणि मैदानावर साधं नेटसुद्धा नाही. यातलं बरंचसं खरं असतं. पण ‘विद्यार्थ्यांमध्ये नाराजी आहे’ एवढ्यावर बातमी उभी राहत नाही. दुसऱ्या दिवशी एका ओळीचा खुलासा येतो आणि विषय तिथेच मिटतो. त्याच बातमीत विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा कागद असला, तर खुलासा लिहिणाऱ्याला आधी तो कागद वाचावा लागतो.

असा कागद माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळवता येतो. पण अर्ज लिहायला बसण्याआधी जे उघड आहे ते वाचून काढा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ब)नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने 17 बाबी न मागता प्रसिद्ध करायच्या असतात. त्यात अंदाजपत्रक, अधिकाऱ्यांची कामं आणि माहिती अधिकाऱ्यांची नावंही येतात. उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. तंत्रशिक्षण संस्थांना एआयसीटीई या त्यांच्या नियामक परिषदेच्या नियमानुसार सक्तीचं प्रकटीकरण द्यावं लागतं. विद्यापीठाच्या अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, वार्षिक अहवाल, लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल मांडले जातात. अधिसभेवर निवडून आलेले पदवीधर सदस्य ते कागद बहुधा आनंदाने दाखवतात.

एनआयआरएफला, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी, दिलेली माहिती तर अवश्य उघडा. ग्रंथालयावर किती खर्च झाला, प्रयोगशाळेची उपकरणं किती रुपयांची घेतली, किती जणांना नोकरी लागली, हे सगळं वर्षवार तिथे असतं. तिथला पगाराचा आकडा मध्यक असतो, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळतं. प्रवेशाच्या माहितीपत्रकात मात्र ‘सर्वाधिक पॅकेज’ ठळक छापलेलं असतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की एकही अर्ज न करता पहिली बातमी तयार होते. ग्रंथालयाचा खर्चही असाच वार्षिक लेख्यांशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर लगेच आरोप करू नका. काय मागायचं ते तुम्हाला कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता अर्ज. नव्या मुलांचा कच्चा मसुदा वाचला की त्यात हमखास ‘का’ असतो. ‘निकाल उशिरा का लागले?’ माहिती अधिकाऱ्याने कारणमीमांसा करावी किंवा मत द्यावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही. दप्तरात जे आहे ते त्याने द्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालात, अस्तित्वात नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचं बंधन प्राधिकरणावर नाही, असंही म्हटलं. म्हणून उत्तर मागू नका, कागद मागा. कोणता कागद, हे ठरवण्याचा सोपा मार्ग असा की आधी नियम शोधायचा आणि मग त्या नियमामुळे दप्तरात काय असलंच पाहिजे ते पाहायचं.

निकालाचंच घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांपलीकडे जायचं नाही. म्हणजे शेवटच्या पेपरची तारीख आणि निकालाची तारीख परीक्षा विभागात नोंदलेली असणारच. त्या दोनच तारखा मागा, वजाबाकी तुमची तुम्ही करा. मुंबई विद्यापीठात 2017 मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासताना निकाल रखडले, तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष गेलं. एखाद्या छोट्या शाखेचा निकाल दर सत्राला 60 दिवसांवर जात असेल, तर तिकडे तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही.

महाराष्ट्रातल्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. पुनर्मूल्यांकनाचा मजकूर मी असा करून घेते:

‘हिवाळी 2023 ते उन्हाळी 2025 या सत्रांतील वाणिज्य शाखेच्या परीक्षांबाबत, पुनर्मूल्यांकनासाठी आलेल्या अर्जांची संख्या, जमा झालेले शुल्क, गुण बदललेल्या अर्जांची संख्या आणि अनुत्तीर्णचे उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या दर्शविणाऱ्या, आपल्या विभागात उपलब्ध असलेल्या विवरणपत्रांच्या किंवा नोंदवहीच्या संबंधित पानांच्या प्रमाणित प्रती. विद्यार्थ्यांची नावे व आसन क्रमांक नकोत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकाराचं एक मोठं कारण तिथेच संपतं.

अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून करायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. प्रतींना पानामागे 2 रुपये. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही. टेबलापलीकडून कोणी विचारलंच, तर कलम 6(2) नम्रपणे दाखवा. विद्यापीठात परीक्षा, वित्त, स्थापत्य अशा विभागांचे माहिती अधिकारी वेगवेगळे असू शकतात. चुकीच्या प्राधिकरणाकडे अर्ज गेला, तर त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. आवक विभागात अर्ज दिलात तर तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. केंद्रीय विद्यापीठ किंवा आयआयटी असेल तर केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो.

अर्जदार कोण, याचा विचार नीट करा. हा हक्क नागरिकाला आहे, नियतकालिकाला नाही. त्यामुळे अर्ज एखाद्या विद्यार्थ्याच्या नावाने जायला हवा. शेवटच्या वर्षाच्या संपादकाऐवजी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा प्रतिनिधी निवडा, कारण अपील लांबलं तर सही त्याचीच लागते. पत्ता घरचा द्या. वसतिगृहाच्या खोल्या दर वर्षी बदलतात आणि माहिती आयोगाची नोटीस जुन्या खोलीवर पडून राहते. ज्याच्या प्रात्यक्षिकाचे किंवा अंतर्गत गुण त्याच विभागाच्या हातात आहेत, त्याच्या नावाने त्या विभागाकडे अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदा त्याच्या बाजूने आहे, पण वीस वर्षांच्या मुलावर तो भार का टाकायचा?

प्रतींपेक्षाही मला अभिलेखांची पाहणी जास्त मोलाची वाटते, आणि मुलं नेमकी तीच मागायची विसरतात. कामं, दस्तऐवज आणि अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा, त्यातून टिपणं काढण्याचा हक्क कायद्याच्या व्याख्येतच आहे. समजा, वसतिगृहाच्या दुरुस्तीची फाइल पाहायची आहे. दोघांनी जावं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पान क्रमांक आणि तारखा लिहायच्या. फाइलचे दोन भाग असतात, टिप्पणी आणि पत्रव्यवहार. आधी टिप्पणी वाचा. प्रस्ताव कोणी मांडला, लेखा विभागाने कुठे शंका काढली, ती कोणाच्या शेऱ्याने मिटली, हे तिथे क्रमाने दिसतं. मग पत्रव्यवहारात निविदांचा तुलनात्मक तक्ता शोधा, कार्यादेशाची तारीख पाहा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देयकाच्या आधीचा आहे की नंतरचा, ते तपासा. तीन दरपत्रकं एकाच दिवशी, एकाच ठेवणीत टंकलेली दिसली तर तिन्ही पान क्रमांक लिहून घ्या. उठण्याआधी हव्या त्या पानांच्या प्रमाणित प्रतींची मागणी तिथेच लेखी द्या. पाहणी केल्यामुळे शंभर पानांची फाइल न घेता नेमकी बारा पानं घेता येतात.

उत्तराची मुदत 30 दिवस. मुदत उलटली तर माहिती मोफत द्यावी लागते. नकार आला तर कोणतं कलम दाखवलंय ते वाचा. कलमच लिहिलेलं नसेल, तर अपिलात तोच पहिला मुद्दा. सगळ्यात जास्त वापर होतो तो कलम 8(1)(जे)चा, म्हणजे वैयक्तिक माहितीचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलं. पूर्वी व्यापक जनहिताचा अपवाद त्या पोटकलमातच होता, तो आता तिथे नाही. पण जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, हे सांगणारं कलम 8(2) शाबूत आहे. आणि कलम 10 प्रमाणे नावं झाकून उरलेला भाग मागता येतो. अपिलात या दोन्ही कलमांचा उल्लेख हवाच.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारदाराची, आरोपीची, साक्षीदारांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं, माहिती अधिकार असला तरीही. मागायचं ते अंतर्गत समितीच्या वार्षिक अहवालातले आकडे: तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित राहिल्या. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं विद्यार्थी वृत्तपत्र ‘द डेली टार हील’ लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेल्यांच्या नोंदींसाठी कोर्टात गेलं आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. तिथला कायदा वेगळा आहे. पण त्यांनीही पीडितांची नावं मागितली नव्हती, हे लक्षात ठेवा.

खासगी महाविद्यालय ‘आम्हाला कायदा लागू नाही’ म्हणतं, तेव्हा आधी अनुदान तपासा. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी संस्था कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या डीएव्ही महाविद्यालय प्रकरणात सांगितलं आहे. पूर्ण विनाअनुदानित असेल तर संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाकडे वळा. जी माहिती विद्यापीठ त्या महाविद्यालयाकडून कायद्याने मागवू शकतं, ती कलम 2(एफ)च्या व्याख्येत बसते. संलग्नतेसाठी महाविद्यालयाची तपासणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीचा अहवाल तर विद्यापीठाकडे असतोच. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा.

पहिलं अपील 30 दिवसांत, 20 रुपयांचा स्टँप लावून, त्याच संस्थेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्याचा निकाल 30 दिवसांत, फार तर 45. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगात वेळ लागतो, म्हणून बातमी अडवून ठेवू नका. नाकारल्याचं पत्र, त्यातलं कलम आणि तुम्ही नेमकं काय मागितलं होतं, एवढं छापता येतं.

छापण्याआधी आकडे लाखांत आहेत की हजारांत, वर्ष आर्थिक आहे की शैक्षणिक, अंदाजित खर्च आहे की झालेला, हे तिघांनी वेगवेगळं तपासावं. मग कागदाची प्रत जोडून संबंधित अधिकाऱ्याला लेखी प्रश्न द्या, आठवडाभर थांबा आणि आलेलं उत्तर पूर्ण छापा. पुष्कळदा उशिराचं खरं कारण त्या उत्तरात असतं: परीक्षक मिळत नाहीत, पदं रिकामी आहेत. ती पुढची बातमी. सोबत मूळ कागद प्रसिद्ध करताना मोबाइल क्रमांक, घरचे पत्ते आणि सह्या काळ्या करा.

प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक, अर्जदाराचं नाव, उत्तराची मुदत आणि अपिलाची शेवटची तारीख एका वहीत लिहून ठेवा. जूनमध्ये नवे संपादक आले की चालू अर्जांची पानं त्यांच्यासमोर वाचून दाखवा आणि प्रत्येक अर्जापुढे आता कोण पाठपुरावा करणार, त्याचं नाव लिहून घ्या.