उंदरांचा सर्व्हे : नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

'एकूण उंदीर किती?' असं घरमालक हमखास विचारतात. त्यावर आकडा सांगू नका. उंदरांची शिरगणती होत नाही. मोजायचा असतो तो वावर. औषध टाकण्याआधी आणि नंतर त्याच जागी, त्याच साधनांनी, तितक्याच रात्री तो मोजला, तरच फरक पडला की नाही ते कळतं.

आधी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याहून लहान, 3 ते 6 मिमीच्या असतील तर छोटा घरउंदीर. टोकदार आणि 12 मिमीच्या आसपास असतील तर माळ्यावर, छतात फिरणारा काळा उंदीर. बोथट टोकांच्या, 18-20 मिमीच्या असतील तर बिळं करणारा तपकिरी उंदीर. ताज्या लेंड्या मऊ आणि चकचकीत असतात. जागा साफ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघणं सगळ्यात खात्रीचं. मात्र कोरडा झाडू मारू नका, धुळीतून संसर्ग होतो. हातमोजे घाला, एकास नऊ पाणी घातलेलं ब्लीच फवारा, पाच मिनिटं थांबा आणि मग पुसून घ्या.

खरी भिस्त पावडरच्या फरशीवर. 20 बाय 20 सेंमीची गुळगुळीत फरशी घ्या, तिच्यावर टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर द्या आणि संध्याकाळी ती भिंतीला चिकटवून ठेवा. सकाळी टॉर्च आडवा धरून बघा. थर जाड झाला तर ठसे ढासळतात, ओल असेल तर पावडरच्या गुठळ्या होतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चारही पायांना पाच-पाच दिसली तर ती चिचुंद्री. ती उंदीरच नव्हे, आणि तिच्यापायी अख्ख्या घरात विष ठेवलेलं पाहायला मिळतं. पाव फरशीपर्यंत ठसे असतील तर 1 गुण, पूर्ण भरली तर 4. सगळ्या फरश्यांची बेरीज वहीत लिहा.

सापळे भिंतीशी काटकोनात लावा, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, कित्येक दिवस जवळ फिरकत नाही. म्हणून पहिल्या रात्रीच्या शून्यावर जाऊ नका. सापळे आमिषासह, पण न ताणता आठवडाभर तसेच ठेवा. छोटा घरउंदीर उलट चौकस, तो लगेच येतो. हिशेब असा : 40 सापळे, 3 रात्री म्हणजे 120 सापळा-रात्री. 10 उंदीर सापडले आणि 14 सापळे रिकामेच मिटले, तर मिटलेल्या 24 सापळ्यांची प्रत्येकी अर्धी रात्र वजा करा. उरल्या 108, निर्देशांक (दर 100 सापळा-रात्रींमागे सापडलेले उंदीर) 9.3. वजाबाकी विसरलात तर तो 8.3 येतो.

बाहेरच्या बिळांत चुरगळलेला कागद सैल कोंबा आणि 24 तासांनी उघडलेली मोजा. एकाच बिळाला अनेक तोंडं असतात, तेव्हा तोंडं म्हणजे उंदीर नव्हेत.

दुसरी मोजणी घाईने करू नका. रक्त गोठू न देणारी विषं खाल्ल्यावर उंदीर मरायला काही दिवस जातात. आणि मोजणीसाठी साधं खाद्य वजन करून ठेवत असाल, तर ज्यात विष कालवलं तेच खाद्य वापरू नका. त्याचा धसका घेतलेले जिवंत उंदीर ते टाळतात आणि कागदावर मात्र संख्या घटलेली दिसते.