पोहताना गरगरतं, मळमळतं? मग हे करून बघा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास ऊन तापलं की आपल्याकडे खानदेशात सगळी पोरं टँकवर नाहीतर मळ्यातल्या विहिरीवर जमतात, आणि त्यात एखादा तरी असतोच जो काठाला धरून उभा राहतो आणि बोलतो, "भो, पानीमा डोकं गरगर फिरस, मळमळस." बाकीचे हसतात. मग तो एकतर पोहणं सोडून देतो नाहीतर कन्नड घाटात गाडी लागू नये म्हणून जी गोळी घेतात ती घेऊन पाण्यात उतरतो, आणि हे दुसरं तर अजिबातच करायचं नाही, त्याचं पुढे सांगतो.

आधी एक ऐका, ह्यात घाबरटपणा वगैरे काही नसतो. आपल्या दोन्ही कानांच्या आत, एकदम खोलात, तीन-तीन बारीक वळलेल्या नळ्या असतात आणि त्यात पाण्यासारखा द्रव असतो. डोकं फिरलं की तो द्रव मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण कुठल्या बाजूला वळलो. जमिनीवर डोळे, पाय आणि कान तिघं एकच गोष्ट सांगतात. पाण्यात पाय अधांतरी, डोळ्यांवर धुकट गॉगल, अंग आडवं, आणि डोकं दर दोन-तीन हातांनी एकदा फिरतंय, मग तिघांचं जमत नाही आणि पोट ढवळतं. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा जन्मापासून किंवा आजारामुळे चालतच नाही त्यांना गाडी लागत नाही, बोट पण लागत नाही. म्हणजे तुम्हाला लागतंय तर तुमची यंत्रणा चालू आहे एवढं तरी नक्की. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास जवळपास नसतो, शाळेत जाणाऱ्या पोरांना सगळ्यात जास्त, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना, गरोदर बायकांना, पाळीच्या दिवसांत पण जास्त होऊ शकतो. म्हणून पोराला "नाटकं करतो" म्हणून रागावू नका.

आता पहिलं काम, गरगरतं कधी ते पकडायचं. श्वास घेताना? कानात पाणी गेल्या गेल्या? खाली बुडी मारल्यावर? का बाहेर निघताना शिडीवर? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि लोकं सगळ्याला एकच लिंबू चोखायला सांगतात.

सगळ्यात जास्त सापडतं ते फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना. नवीन माणूस काय करतो, श्वासासाठी डोकं वर उचलतो, मान मागे टाकतो, छताकडे बघतो, आणि मग धाडकन परत पाण्यात. म्हणजे डोकं एकाच वेळी वर पण जातंय आणि फिरतंय पण, कानातल्या दोन-तीन नळ्या एकदम हलतात, आणि हे मिनिटाला पंधरा-वीस वेळा, कोणाचंही डोकं फिरेल. इलाज असा की डोकं उचलायचंच नाही. खांदा आणि कंबर मिळून अंग बाजूला वळतं, त्याच्यासोबत डोकं आपोआप वळलं पाहिजे, आणि श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहिली पाहिजे. दोन्ही काचा बाहेर आल्या तर समजायचं मान जास्त फिरली. तोंड पाण्यात असताना नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवायची, ती पट्टी हलत नाही, डोळ्यांना तेवढा एक आधार मिळतो. गॉगल धुकट झाला की थांबून धुवायचा, धुक्यातून पोहणं म्हणजे डोळ्यांचा आधार आपल्या हाताने काढून घेणं. पट्टा पण एवढा आवळू नका की डोळ्याभोवती गोल उमटतील, त्याने डोकं दुखतं आणि माणसाला वाटतं पाण्यानेच दुखलं.

श्वासाचं अजून एक आहे. बरेच जण तोंड पाण्यात असताना हवा धरून ठेवतात आणि बाहेर आल्यावर सोडायची आणि घ्यायची दोन्ही कामं अर्ध्या सेकंदात करायला बघतात. त्यात हवा पोटात जाते, पाणी पण दोन घोट जातं, आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर निघत नाही, मग डोकं जड आणि पोट फुगलेलं. पाण्यात असताना नाकातोंडाने हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं, बाहेर आल्यावर फक्त आत घ्यायचा. हे उथळ बाजूला काठ धरून शिका. आधी नुसते बुडबुडे, मग तोंड पाण्यातून बाजूला वळवून श्वास, मग फळी धरून पाय मारत तेच, आणि त्यात गरगरलं नाही तरच हात चालू करा. लोकं ह्याला पोराटोरांचं काम समजतात आणि पहिल्याच दिवशी अख्खी लांबी मारायला जातात, तिथेच बिघडतं. श्वास फक्त उजवीकडूनच घेत असाल तर दर तिसऱ्या हाताला बाजू बदलून बघा, काहींना त्याने लगेच बरं वाटतं, काहींचा ताल उलट बिघडतो, ज्याचं त्याने ठरवा. आणि कोच कितीही बोलले तरी त्रास असेपर्यंत भिंतीजवळची कोलांटी मारू नका, हात लावून वळा.

घरी करायचा एक व्यायाम सांगतो. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर अंगठ्याच्या नखावर खिळवा आणि डोकं नाही-नाही म्हणतो तसं डावीकडे-उजवीकडे हलवा, नख अंधुक दिसणार नाही एवढ्याच वेगाने. एक मिनिट, मग हो-हो म्हणतो तसं वर-खाली एक मिनिट. सकाळ-संध्याकाळ करा. पहिल्यांदा थोडं गरगरेल, खुर्चीवर बसून करा. चक्कर येणाऱ्या पेशंटला डॉक्टर लोकं असाच व्यायाम देतात, मेंदूला सवय लागायला वेळ लागतो पण लागते.

आता कानाचं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. पोहायला उतरलं, कानात गार पाणी गेलं आणि एकदम सगळं गोल फिरलं, असं झालं तर तो डोकं हलवण्याचा त्रास नाही, तो थंडाव्याचा आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी पेशंटचे कान पिचकारीने धुवायचे तेव्हा त्यांनी पाहिलं की पाणी गार असलं की पेशंटला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात, गरम पाणी वापरलं की तेच पण उलट्या बाजूला. कानातल्या नळीतला द्रव एका बाजूने गार झाला की आपोआप सरकायला लागतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. ह्याच कामाला 1914 चं नोबेल मिळालं. आजही कानाचे डॉक्टर ही तपासणी करतात, 30 आणि 44 डिग्रीचं पाणी वापरून, म्हणजे अंगापेक्षा 7 डिग्री कमी आणि 7 डिग्री जास्त. आता बघा, स्पर्धेच्या टँकचं पाणी 25 ते 28 डिग्री ठेवतात, म्हणजे फरक 7 पेक्षा जास्तच. मग सगळ्यांना चक्कर का येत नाही, तर दोन्ही कानांत सारखंच पाणी गेलं की दोन्हीकडचा परिणाम एकमेकाला कापतो. एका कानात मळाचा गोळा बसलेला असला किंवा एका कानाचा पडदा फाटलेला असला की पाणी एकाच बाजूला आत पोहोचतं आणि डोकं गरकन फिरतं.

म्हणून असं होत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून घ्या. काडी, पिन, गाडीची चावी कानात घालायची आपल्याकडची सवय सोडा, मळ आणखी आत ढकलला जातो आणि पडदा फाटायची भीती. पडदा फाटलेला निघाला तर डॉक्टर सांगेपर्यंत पोहणं बंद. नसेल तर सिलिकॉनचे इअरप्लग दोन्ही कानांत घाला, एकात नाही, आणि वरून टोपी कान झाकेल अशी घाला. आणि 44 डिग्रीच्या उन्हातून येऊन थेट सूर मारू नका. आधी शॉवरखाली उभे राहा, मग छातीपर्यंत पाण्यात, तोंडावर पाणी मारा, एकेक कान हळूच भिजवा, दोन मिनिटं जातात.

विहिरीत सूर मारणाऱ्यांसाठी वेगळं. खाली गेलं की कानावर दाब येतो, तीन मीटरवर सुद्धा चांगलाच जाणवतो. वर येताना एका कानातला दाब मोकळा झाला आणि दुसऱ्यातला अडकला तर काही सेकंद जग फिरतं. सर्दी, नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी खोल बुडी बंद, आणि खोल जायचं असेल तर इअरप्लग पण नको. पाण्याखाली फिरायला लागलं आणि वर कुठे, खाली कुठे कळेना तर हातपाय झाडू नका, थोडी हवा सोडा, बुडबुडे जातात ती बाजू वर. विहिरीत अंधारामुळे ते दिसत नाहीत, तेव्हा हात तोंडासमोर धरून बुडबुडे कुठे जाताहेत ते हाताला कळतं. अर्थात ज्याला गरगरायचा त्रास आहे त्याने विहिरीत, तापीच्या डोहात किंवा हतनूर-वाघूरच्या धरणाच्या पाण्यात उतरूच नये, निदान बरं होईपर्यंत. टँकला काठ हाताशी असतो, तिथे नसतो. आणि एकटं तर कुठेच नाही.

चालू असतानाच गरगरलं तर काय करायचं? थांबा, काठ किंवा दोरी धरा, डोकं हलवू नका, समोरच्या न हलणाऱ्या वस्तूकडे बघा, पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, घड्याळ, काहीही. डोळे मिटू नका, मिटले की बहुतेकांना जास्त फिरतं. काठ लांब असेल तर पाठीवर पडून हात हलवा आणि सोबतच्याला हाक मारा, लाज बाळगू नका. एक-दोन मिनिटांत कमी झालं तर डोकं वर ठेवून बेडूक पोहत काठ गाठा आणि त्या दिवसाचं तिथेच बंद करा. उलटी होईल असं वाटलं तर आधी पाण्याबाहेर, उलटी दाबत पोहत राहिलात तर ठसका लागून पाणी छातीत जाऊ शकतं.

बाहेर पडताना शिडीवर येणारी चक्कर ही गाडी लागण्यातली नव्हेच. पाण्याचा दाब पायांवर असतो तोवर रक्त वर राहतं, बाहेर आलात की ते एकदम पायांत उतरतं आणि बीपी पडतो. बीपीची गोळी चालू असणाऱ्या काका-मावशींनी खास लक्ष द्यावं. काठावर दोन मिनिटं बसा, पाय हलवा, मग उठा. आणि पाण्यात घाम दिसत नाही पण येतो, भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तर येतोच, म्हणून उतरायच्या आधी आणि नंतर पाणी प्या, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत उत्तम.

खाण्याचं सोपं आहे. आदल्या तासात तर्रीवाली शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत हाणून जाऊ नका, आणि एकदम उपाशी पण नको. अर्धा-पाऊण तास आधी एक केळं, आपल्याकडे त्याची काय कमी. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींची मळमळ कमी होते, करून बघायला हरकत नाही.

आता गोळी. ॲव्होमिन आणि तसल्या गोळ्या गाडीत ठीक आहेत, कारण तिथे तुम्ही सीटवर झोपलात तरी चालतं. ह्यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, हात मंद पडतात, आणि पाण्यात झोप आली तर पुढचं सांगायला नको. त्यावर कोणी बियर पिऊन उतरत असेल तर त्याला सरळ काठावर बसवून ठेवा. तारकर्लीला बोटीतून जाऊन पाण्यात उतरायचा प्लॅन असेल तर गोळीचं डॉक्टरला विचारूनच ठरवा, आणि बोटीत मध्यभागी बसा, मोबाईल खिशात, नजर क्षितिजावर. साधारण पाच सेकंदाला एकदा वर-खाली होणारा संथ हेलकावा पोटाला सगळ्यात वाईट, थांबलेली बोट नेमकी तसलीच डोलते. अशा वेळी बोटीत बसून राहण्यापेक्षा तयार असाल तर पाण्यात लवकर उतरलेलं बरं वाटतं.

पंधरा-वीस दिवस हे सगळं नीट केल्यावरही फरक पडत नसेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा. कान वाहतो, कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजते, हे असेल तर पंधरा दिवस पण थांबू नका. बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, छातीत दुखलं किंवा शुद्ध गेली तर थेट दवाखाना, त्याच क्षणी. डॉक्टरला नुसतं "चक्कर येते" सांगू नका, किती वेळ टिकते ते सांगा. कूस बदलली की मिनिटाच्या आत येऊन जाणारी चक्कर बरेचदा कानातले बारीक खडे सरकल्याने असते आणि ती डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून टेबलावरच बरी करता येते, तासन्‌तास टिकणारी वेगळी. पाण्यात कितव्या मिनिटाला आली, कुठल्या कानात पाणी गेलं होतं, त्या दिवशी काय खाल्लं होतं आणि कुठली गोळी चालू आहे, हे मोबाईलमध्ये लिहून न्या.