दमा असलेल्या मुलाची खोली रंगवताना या चुका टाळा

मुलाला दमा असेल किंवा उग्र वासाने लगेच खोकला येत असेल, तर पालक भिंतीचा रंग पारखून आणतात. डब्यावर ‘लो व्हीओसी’ (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी) लिहिलेलं असतं, तरी खोलीत आठवडाभर वास रेंगाळतो. हा वास बहुतेक वेळा येतो तो खालच्या प्रायमरमधून, दार-ग्रिलच्या ऑइलपेंटमधून आणि ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनमधून.

म्हणून रंगाऱ्याशी बोलताना शेडच्या आधी हे ठरवा: प्रायमर पाण्याचाच, दारांना आणि ग्रिलला वॉटर-बेस्ड इनॅमल, खोलीत थिनर आणायचा नाही. पक्का बसतो म्हणून तेलाचा प्रायमर मारण्याची सवय अनेकांना असते, त्यामुळे डबे स्वतः बघा. भिंतीच्या रंगात व्हीओसी लिटरला 50 ग्रॅमच्या आत असावं, 5 च्या आत असेल तर उत्तम. गडद शेडमध्ये दुकानदार मशीनवर जास्त स्टेनर (शेड आणणारं रंगद्रव्य) घालतो आणि त्यातूनही व्हीओसी वाढू शकतं, म्हणून फिकी शेड बरी.

‘झिरो व्हीओसी’ म्हणजे निर्धोक, असंही धरू नका. पाण्याच्या रंगात तो नासू नये म्हणून घातलेली रसायनं काहींना सोसत नाहीत. आधी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तीन दिवस बाहेर वाळवा आणि मग मूल खेळतं तिथे थोडा वेळ ठेवून बघा. खोकला किंवा घरघर सुरू झाली तर पुठ्ठा लगेच बाहेर काढा आणि तो रंग घेऊ नका. मुलाला पूर्वी मोठा अटॅक आला असेल तर ही चाचणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करा.

वासाइतकाच त्रास धुळीचा होतो आणि नेमकं तेच विसरलं जातं. पुट्टी कोरडी घासली की बारीक पूड घरभर पसरते. घासकामाच्या वेळी दाराला ओलं कापड लावा आणि लादी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुना ऑइलपेंट तर कोरडा घासूच नये. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून वॉटर पेपरने (ओल्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने) घासा आणि निघालेला गाळ पिशवीत बांधून टाका. या कामाच्या वेळी मूल आणि गरोदर बाई घरात नकोत.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात काम काढणं ही मोठी चूक. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्याचा रंग, अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं, पण थर पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मूल मे महिन्यात मामाकडे जाणार असेल, तर ते निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करा. पावसाळ्यात रंग वाळत नाही आणि ओल आली की बुरशी धरते, तीही दम्याला वाईटच. दोन हातांमध्ये निदान चार तास जाऊ द्या. घाईने मारलेल्या दुसऱ्या हाताखाली ओलावा कोंडतो आणि वास लांबतो.

गादी, पडदे, कापडी खेळणी आधीच बाहेर काढा, कारण ती वास धरून ठेवतात. रंगही बेताने आणा. 10 बाय 12 च्या, 10 फूट उंचीच्या खोलीला छतासकट दोन हातांसाठी 4 लिटर पुरतो. उरलेला डबा त्या खोलीत ठेवू नका.

एवढं करूनही वास राहिला तर?

कापूर, उदबत्ती, रूम फ्रेशनर लावू नका. वास झाकला जातो, पण श्वासनलिकेला त्रास देणारी आणखी एक गोष्ट हवेत येते. स्प्लिट एसी बहुधा आतलीच हवा फिरवतो. एअर प्युरिफायरचं हेपा फिल्टर धूळ पकडतं, वायू नाही. त्यासाठी भरपूर ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

वास आंबट किंवा कुजका असेल तर रंगच नासलेला होता. पाणी घालून पातळ केलेला रंग उन्हाळ्यात दिवसभर ठेवला की असं होतं. नुसती हवा देऊन हा वास सहसा जात नाही. तो थर खरवडून भिंत ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी लागते, आणि ती पूर्ण वाळून ब्लीचिंगचा वासही जाईपर्यंत मूल बाहेरच हवं.

मुलाला परत आणण्याआधी खोली एक रात्र पूर्ण बंद ठेवा आणि सकाळी रंगकामाच्या वेळी घरात नसलेल्या माणसाला दार उघडायला सांगा, कारण घरच्यांच्या नाकाला वासाची सवय झालेली असते. त्याला वास आला तर अजून आठवडाभर मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. वास आला नाही तरी पहिल्या काही रात्री खिडकी उघडी आणि इनहेलर हाताशी असू द्या.