जुन्या दोननळीची किंमत करण्याआधी नंबर जुळवा

खानापूर, चंदगडकडच्या जुन्या घरांत आजोबांची बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक, अजून निघते. परवाना वारसाच्या नावावर झालेला नसेल तर ती घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पारख तिथंच करून घ्या.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाली की नळ्या उतरवायला सांगा. नळ्यांच्या पोटाशी, ॲक्शनवर (नळ्या जिथं बसतात त्या मधल्या लोखंडी भागावर) आणि नळ्यांखालच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर नंबर असतो. तिन्ही जुळले तर उत्तम. नळ्यांचाच वेगळा निघाला, तर त्या बहुधा दुसऱ्या बंदुकीच्या. मग बाजूच्या पत्र्यावर कितीही मोठ्या विलायती कारागिराचं नाव असू दे, त्या नावाचा भाव देऊ नका.

नळ्यांवरचे चाचणीचे शिक्के भिंगाखाली बघा. इंग्लिश बंदुकीवर ‘नॉट फॉर बॉल’ (एकच गोळी झाडण्यासाठी नाही) असेल तर नळ्या 1875 ते 1887 मधल्या. चौकटीतला 12 आणि सी त्यानंतरचा. पोलादावर नागमोडी रेघा दिसल्या तर नळ्या दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या; त्यांत आजचं काडतूस कधीही घालू नका.

आणि कृपा करून पॉलिश कागदानं घासू नका. शिक्का गेला की ओळख गेली.